रिजेक्शनचं रजिस्टर आणि सस्टेनेबिलिटीची एक्सेल : दुसरं कपाट घ्यायचं काय?

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली, मी भट्टीवर आलो. एक टनाची इंडक्शन भट्टी, महिन्याला शंभरेक टन माल, बहुतेक ट्रॅक्टरचा. हाउसिंग, ब्रॅकेट, ड्रम वगैरे.

मागच्या गुरुवारी दुपारी गेटवर टेम्पो लागला. माल न्यायला नाही, परत द्यायला. ४६ हाउसिंग. मशीनिंग झाल्यावर बोअरच्या आत ब्लोहोल (ओतताना वायू अडकून राहिलेली छिद्रं) उघडे पडलेले, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि प्रत्येक नगावर लाल ऑइल पेंटची फुली. मी आणि आमचा सुपरवायझर गेटवरच उकिडवे बसून मोजत होतो. सोबत डेबिट नोट : कास्टिंगचे पैसे, त्यावर झालेल्या मशीनिंगची मजुरी, आणि वर परतीचं टेम्पोभाडं.

त्याच संध्याकाळी त्याच कस्टमरची मेल. ‘सप्लायर सस्टेनेबिलिटी असेसमेंट’. एक्सेल शीट, ८४ प्रश्न. टनामागे वीज किती, पाणी किती, वापरलेली वाळू जाते कुठे, कार्बन स्कोप एक (कारखान्यात जळणाऱ्या इंधनाचा) किती, स्कोप दोन (विकत घेतलेल्या विजेचा) किती. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर नवीन पार्टची चौकशी तुमच्याकडे येणार नाही.

आमच्याकडे आयएसओ ९००१ (क्वालिटी सिस्टिमचं सर्टिफिकेट) आहे. खरं सांगायचं तर ते एका कपाटात आहे. ऑडिटच्या आधी चार दिवस कपाट उघडतं, सह्या होतात, ऑडिटरला तांबडा-पांढरा खाऊ घालून पोचवलं की परत बंद. आता या सस्टेनेबिलिटीसाठी दुसरं कपाट घ्यायचं काय? की यात खरंच धंद्याच्या कामाचं काही आहे? अनुभवी लोकांनी सांगावं. कन्सल्टंटचे नंबर नकोत, चार आलेत आधीच.

---

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री १०:३१

भावा, दुसरं कपाट कशाला, पहिल्याचाच खालचा कप्पा रिकामा कर. एक्सेल काय, पोरगं बसवून भरून घे. कोण बघतंय? विषय संपला. 😀

---

निवृत्त_क्यूए | सोमवार, रात्री ११:५०

तांबडा_रस्सा, असंच सगळे भरतात आणि मग तिसऱ्या वर्षी कोणीतरी विजेची बिलं मागतो. तेव्हा आदल्या वर्षीचा आकडा आणि बिलातला आकडा जुळत नाही. मी अशा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. बत्तीस वर्षं क्वालिटीत गेली, त्यातली निम्मी गोकुळ शिरगावात.

शिरोलीकर, आधी कपाटाचं. आयएसओ ९००१ पहिल्यांदा आलं १९८७ मध्ये. पर्यावरणाचं १४००१ आलं १९९६ मध्ये. तेव्हा खरंच दोन वेगळी कपाटं होती. २०१५ च्या आवृत्तीत दोन्हींची चौकट एकच केली. दहा प्रकरणं, तोच क्रम, बरेचसे मथळेही तेच. म्हणजे एकच ऑडिट, एकच मॅनेजमेंट रिव्ह्यू, सुधारणांची एकच यादी. दुसरं कपाट विकणारा माणूस तुम्हाला फर्निचर विकतोय.

आता मुद्द्याचं. तुमच्या ४६ हाउसिंगचा आणि त्या ८४ प्रश्नांचा संबंध काय, ते पाटीवर मांडू.

समजा महिन्याला १०० टन चांगला माल गाडीत चढवायचा आहे. यील्ड ६० टक्के धरा, म्हणजे ओतलेल्या मेटलपैकी ४० टक्के रनर-रायझरमध्ये (साच्याला मेटल पुरवणाऱ्या वाटांत) जाऊन परत भट्टीत येतं. रिजेक्शन ८ टक्के असेल तर तुम्हाला १८१ टन मेटल वितळवावं लागतं. रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणलंत तर १७२ टन. फरक नऊ टनांचा. टनाला ६०० युनिट धरले तर महिन्याला ५,४०० युनिट. नऊ रुपये दराने जवळपास पन्नास हजार रुपये. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे महिन्याला पावणेचार टन. एवढा तुमचा स्कोप दोन कमी.

यात वाळू, बेंटोनाइट, फेटलिंगची मजुरी, शॉट ब्लास्टिंग, टेम्पो काहीच धरलेलं नाही. ‘रिजेक्ट झालं तर काय, परत वितळतं’ असं फाउंड्रीत सर्रास म्हणतात. लोखंड परत वितळतं हो, वीज परत येत नाही.

तेव्हा माझा उलट प्रश्न : त्या ४६ नगांचे हीट नंबर (कुठल्या वेळच्या वितळवलेल्या मेटलचा नग ते सांगणारे) बघितलेत का?

---

भट्टीवाला_बाळू | मंगळवार, सकाळी ६:४८

रात्रपाळी करून आलोय, झोपायच्या आधी लिवतो. मी सोळा वर्षं मेल्टिंगला हाय. मालक लोकांनी राग मानू नये.

काकांनी टनाला ६०० युनिट धरल्यात. आमच्याकडं कवा कवा ७०० च्या वर जात्यात. का? तर मेटल तयार हाय, टेंपरेचर आलंय, आणि मोल्डिंगला बॉक्स (वाळूचं साचं) तयार न्हाईत. मग काय, धरून ठेवायचं. पंधरा मिंटं, वीस मिंटं. थंड पडाय लागलं की परत पॉवर द्यायची. ही युनिटं कुठल्या रजिस्टरला येत न्हाईत. आणि नुसती युनिटं जाऊन भागत न्हाई. लै वेळ धरलं की कार्बन पडतो, पातळ सेक्शनला चिल येतंय, म्हंजे लोखंड लै कडक होतंय, मग मशीन शॉपवाला बोंबलतो टूल तुटलं म्हणून. त्यो कागद क्वालिटीत जातोय, विजेचं बिल अकौंटला जातंय. दोन्ही एकाच वीस मिंटांचं हाय ह्ये कुणाला कळणार?

आणि ब्लोहोल म्हटलासा म्हणून सांगतो. पयला साच्याची वाळू बघा. रात्री परत आलेली वाळू गरम असती. मलरवाला (वाळू मळायच्या मशिनीवरचा) मुठीत दाबून बघतो, कोरडी वाटली की मग्गाभर पाणी जास्त. मुठीचा अंदाज थंड वाळूला चालतो, गरम वाळूला फसतो.

आमच्या पॅनेलवर युनिटचा मीटर हाय, डोळ्यासमोर. आजपातूर कुणी म्हटलं न्हाई की बाळू, हीट सुरू करताना आकडा लिव आणि संपताना लिव. टन किती पडलं तेवढं इचारत्यात.

---

निवृत्त_क्यूए | मंगळवार, सकाळी ९:०५

बाळू, ही पोस्ट कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोलाची आहे. झोपा आता.

---

रोखठोक_करवीर | मंगळवार, सकाळी ११:२०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू बोलतो.

मोठ्या कंपन्यांनी आपला अहवाल हिरवा दिसावा म्हणून सगळं ओझं खालच्या सप्लायरवर ढकललंय. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण-समाजाच्या जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला. ठीक. पण त्यासाठी लागणारा माणूस, मीटर, सर्टिफिकेट हा खर्च कोण देतंय? कास्टिंगचा किलोचा दर तोच. दरवर्षी ‘कॉस्ट डाउन’ची मेल येते ती येतेच. बिल ९० दिवसांनी, कधी १२० दिवसांनी. सप्लायर जिवंत राहणं हे सस्टेनेबिलिटीत बसत नाही काय? आधी त्यांनी आपल्या अहवालात छापावं की आम्ही लहान माणसाचे पैसे किती दिवसांनी देतो. मग आमची वाळू विचारावी.

---

निवृत्त_क्यूए | मंगळवार, दुपारी १२:१५

रोखठोक, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे, फक्त एक भर. सेबीच्या बीआरएसआर कोअरमध्ये कंपनीने देणी किती दिवसांत भागवली हा आकडा मागितलेला आहे. म्हणजे तुम्ही म्हणताय ते छापावं लागतंच, आपण ते उघडून वाचत नाही. पुढच्या वेळी पर्चेसवाल्यासमोर बसताना तेवढं पान प्रिंट काढून न्या. शिवाय एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची मर्यादा आहेच, आणि आयकरातल्या नियमामुळे (जुन्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजाही मिळत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतं आहे हे, मध्यम नाही. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर आजच करा.

---

रोखठोक_करवीर | मंगळवार, दुपारी १२:४०

हे माहीत नव्हतं. पान शोधतो. कडूपणा कायम आहे पण. 🙏

---

रंगशाळा | मंगळवार, दुपारी ३:३०

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये आहे. तुमची लोखंडाची गोष्ट वाचताना आमचीच वाटली, फक्त आमच्याकडे वीज कमी आणि पाणी जास्त.

शेड जुळली नाही की लॉट परत रंगवायचा. पाचशे किलोचा लॉट, किलोला आठ लिटर पाणी, म्हणजे एका बाथला चार हजार लिटर. स्काउरिंग, ब्लीच, डाय, धुणं, सोपिंग, परत धुणं असे सहा-सात बाथ होतात. म्हणजे पंचवीस-तीस हजार लिटरला एक लॉट. शेड हुकली तर स्ट्रिपिंग (रंग उतरवणं) आणि परत डाय, त्यात मीठ, सोडा, वाफ सगळं नव्याने. आणि हे सगळं रंगीत पाणी शेवटी ट्रीटमेंटलाच जायचं.

गंमत सांगते. आमच्याकडे पाण्याचं रजिस्टर ईटीपीवाल्याकडे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्याकडे), शेडचं रजिस्टर माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी सहज दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. ज्या दिवशी माझे रीप्रोसेस जास्त, त्याच दिवशी ईटीपीची टाकी काठोकाठ. आम्ही ईटीपी मोठी करायचं कोटेशन मागवलं होतं! ते थांबवून लॅब डिप (रंगाचा आधी काढायचा नमुना) आणि डिस्पेन्सिंगचा (रंग मोजून द्यायचा) काटा सुधारला, कारण काट्यातच चूक होती. ‘राइट फर्स्ट टाइम’ हा शब्द आमच्या भिंतीवर पूर्वीपासून रंगवलेला होता, बरं का. कुणी वाचत नव्हतं.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात पाणी उकळायला ठेवलेलं असायचं. त्यामुळे नदीत काय जातं हा प्रश्न आम्हाला कुठल्या युरोपियन ब्रँडने शिकवायची गरज पडली नाही. पण ब्रँडने विचारल्यावरच मालकांनी मीटर बसवला, हेही खरंच आहे.

---

गुऱ्हाळघर | मंगळवार, रात्री ८:१०

ताई म्हणतात ते पटलं, पण आमच्या धंद्यात क्वालिटी म्हणजे काय हेच गिऱ्हाईक उलटं ठरवतंय.

आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ हाय, आजोबांच्या वेळेपासून. भेंडीचा रस घालून मळी काढायची, चुना बेतानं, इंधन म्हणून चिपाडच चुलवाणात. बाहेरचं काय लागतच न्हाई. ह्याच्यापेक्षा सस्टेनेबल काय असतंय? पण असा गूळ निघतो तांबूस-तपकिरी. मार्केट यार्डात सौद्याला व्यापारी रवा (ढेप) फोडून बघतो तो रंग. पिवळाधमक असला की दर वर. मग लोक हायड्रोस (रंग उजळायची केमिकल पावडर) टाकत्यात. काहिलीत टाकलं की डोळ्यासमोर रंग उघडतो, जादूच. आणि तोच गूळ ठेवला की पुढं काळपट पडतोय. त्यातनं गुळात उतरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम अशी कायद्यात हाय, पण सौद्यात कोण मोजतंय? डोळा मोजतोय.

तीन हंगाम झालं मी हायड्रोस बंद केला. पयल्या वर्षी सौद्यात मार खाल्ला, खोटं कशाला बोलू. आता पुण्याची दोन-तीन गिऱ्हाइकं बांधलीत, ती तपकिरी रंगच मागत्यात. पण सगळा माल तिकडं जात न्हाई, अर्धा अजून यार्डातच. गुळव्या (गूळ काढणारा कारागीर) मला म्हणतो, मालक, तुमच्या नादानं माझं नाव खराब व्हायलंय, लोक म्हणत्यात ह्याला रंग काढता येत न्हाई.

---

सागवान | मंगळवार, रात्री ८:५५

अवांतर : मग कोल्हापुरी चप्पलचं काय! हिरडा-बाभळीत कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीनेच शिवण, खिळा नाही. तुटली तर गल्लीतच दुरुस्त. २०१९ ला जीआय मिळालं, आणि २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशीच चप्पल दाखवली तेव्हा आपल्याला आठवण झाली. त्यावर वेगळा धागा…

---

धागापाल | मंगळवार, रात्री ९:०२

प्राडावर आधीचे सात धागे आहेत. कृपया तिकडे जावे.

---

ऑडिटवाली | बुधवार, सकाळी १०:२५

मी ऑडिटर आहे, त्यामुळे आधी एक खुलासा : तांबडा-पांढरा सगळेच खात नाहीत, काहींना पित्त होतं.

दोन गोष्टी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओच्या व्यवस्थापन मानकांमध्ये एक छोटी दुरुस्ती आली. संस्थेने हवामान बदल हा आपल्या कामाशी संबंधित मुद्दा आहे का, हे ठरवायचं. दोनच वाक्यं आहेत, प्रकरण ४.१ आणि ४.२ मध्ये. त्यानंतर मी या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची मॅन्युअल बघितली. बहुतेकांत शब्दाला शब्द तेच, एकाच कन्सल्टंटच्या पेन ड्राइव्हमधून आलेलं : ‘हवामान बदल : लागू नाही.’

अहो, शिरोलीत बसून? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा. एका ठिकाणी मी विचारलं, तेव्हा तुमच्या गाड्या कुठे होत्या? मालक हसले, म्हणाले सांगली फाट्याला उभ्या, आणि कस्टमरची लाइन बंद पडल्याचा दंड आम्हाला. मग मी म्हटलं, हे ‘लागू नाही’ कुणी लिहिलं? त्यांनी क्वालिटीच्या पोराकडे बघितलं, पोराने छताकडे.

दुसरं, शिरोलीकरांसाठी व्यवहाराचं. केंद्राची झेड योजना बघा. ‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’, पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१४ च्या भाषणात वापरलेला शब्द. २०२२ पासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या केल्यात, आणि सूक्ष्म उद्योगाला सर्टिफिकेशनच्या फीवर ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सवलत ठेवली. ब्राँझसाठी जे मागतात ते तुमच्या एक्सेलमधल्या बऱ्याच प्रश्नांना धरून आहे. पण सर्टिफिकेटसाठी करू नका. मोजायला लागा, सर्टिफिकेट मागून येईल.

---

लांबचा_विचार | बुधवार, दुपारी १:१०

युरोपला थेट किंवा कस्टमरमार्फत माल जातो का? त्यांची सीबॅम (आयात मालावरची कार्बन आकारणी) ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवालापुरती होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग सुरू. लोखंड-पोलाद यादीत आहे, त्यात नटबोल्ट आणि पाइप फिटिंगही येतात. तुमच्या मालाच्या कस्टम्स कोडवर बघून घ्या.

---

नदीकाठ | बुधवार, रात्री ९:४५

सगळी चर्चा वाचली. छान आहे. पण कोणी वाळूबद्दल बोललं नाही, नुसतं ‘वाळू धरलेली नाही’ म्हणून पुढे गेले.

माझं गाव एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आहे. आमच्या ओढ्याकडेला जुनी खण आहे, तिथे काळी जळकी वाळू येऊन पडते. ट्रॉल्या रात्री येतात. उन्हाळ्यात वारं सुटलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा थर बसतो, पावसाळ्यात ओढ्यातून पुढे. आई धुणं परत धुते. तुमच्या भाषेत रीप्रोसेस.

शिरोलीकर, एक्सेलमधला तो प्रश्न तुम्ही स्वतःच लिहिलाय वर : वापरलेली वाळू जाते कुठे? तुमची कुठे जाते?

---

शिरोलीकर | गुरुवार, रात्री १२:२०

नदीकाठ, तुमची पोस्ट काल रात्रीच वाचली होती. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण उत्तर माहीत नव्हतं. ट्रॉलीवाला येतो, महिन्याच्या शेवटी फेऱ्या मोजून पैसे घेतो. कुठे टाकतो हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही कारण विचारायचं नव्हतं, असंही म्हणता येईल.

थोडे दिवस द्या.

---

शिरोलीकर | रविवार (दहा दिवसांनी), संध्याकाळी ६:०५

आलो परत. जमलं तेवढं लिहितो.

१) ४६ पैकी ४५ नगांवर हीट नंबर वाचता आला. त्यातले ३१ नग दोनच तारखांच्या रात्रपाळीचे. रात्रपाळीत सँड लॅबला कुलूप. किल्ली लॅबवाल्या पोराच्या खिशात, आणि तो सहाला घरी. म्हणजे मॉइश्चर टेस्टर (वाळूतली ओल मोजणारं यंत्र) आहे, कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे, रजिस्टर आहे, त्यात रात्रीचे आकडेसुद्धा आहेत! दुसऱ्या दिवशी सकाळी एका दमात भरलेले. सलग ३.४, ३.४, ३.५, ३.४. शाईसुद्धा एकच. त्याखाली महिनोन् महिने माझी सही आहे. मी पोराला काही बोललो नाही, तोंडच नव्हतं.

किल्ली आता सुपरवायझरकडे. पहिल्या रात्री मी स्वतः थांबलो. दोन वाजता गरम वाळूवर ४.६ आलं. मलरवाले मामा म्हणाले, मुठीत तर बरोबर लागत होती. बाळू, तुम्ही लिहिलेलं अक्षरशः तसंच.

२) पॅनेलचा आकडा आता हीटच्या आधी आणि नंतर लिहितो. आधी भिंतीवर खडूने, आता वहीत. नऊ दिवसांची सरासरी टनाला ६६८ युनिट. सगळ्यात वाईट हीट ७४०, त्या दिवशी बॉक्सची वाट बघत मेटल पंचवीस मिनिटं धरलेलं. मोल्डिंगचा आणि मेल्टिंगचा फोरमन एकमेकांशी बोलत नाहीत, गणपतीच्या वर्गणीवरून जुना वाद आहे. हे कुठल्या प्रकरणात बसतं, निवृत्त काका?

३) वाळू. ट्रॉलीच्या मागे मोटरसायकलवरून गेलो. रात्री साडेअकरा. नदीकाठ, तुमचीच खण असेल असं नाही, पण ओढा मला दिसला. मी लाइट बंद करून लांब उभा होतो, चोरासारखा. तेव्हापासून ट्रॉली बंद केली आहे. वाळू सध्या शेडच्या मागे ताडपत्रीखाली साठवतोय, आणि रिक्लेमेशन प्लांटवाल्याशी (वाळू परत वापरण्याजोगी करणाऱ्याशी) बोलणं चालू आहे. भाडं ट्रॉलीपेक्षा जास्त आहे. किती दिवस परवडेल, बघतोय. आधी पडलेल्या वाळूचं काय करायचं हे अजून कळलेलं नाही.

४) एक्सेल काल पाठवली. ८४ पैकी ५३ भरले, ३१ कोरे. वाळूच्या प्रश्नापुढे आहे तेच लिहिलं. पर्चेसवाल्याचा फोन आला, कोरे का? म्हटलं, मोजत नव्हतो, आता मोजायला लागलोय, सहा महिन्यांनी भरतो. तो म्हणाला, बाकी सगळ्यांनी तर पूर्ण भरून पाठवलंय.

---

तांबडा_रस्सा | रविवार, संध्याकाळी ६:२०

भावा, पहिल्या दिवशी जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या मशीन शॉपला पण तसलंच रजिस्टर हाय, एकाच शाईचं. उद्या बघतो.

---

निवृत्त_क्यूए | रविवार, संध्याकाळी ७:००

वर्गणीचा वाद प्रकरण ७.४ मध्ये बसतो, संवाद. दोघांना एका ताटात मिसळ खाऊ घाला.

---

नदीकाठ | रविवार, रात्री ८:३०

ती खण आमचीच असावी. शुक्रवारपासून ट्रॉली आलेली नाही. दुसऱ्या एकाच्या येतात अजून. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो, आधी पडलेली बघायला दिवसा या. घरी चहाला पण या.

---

भट्टीवाला_बाळू | रविवार, रात्री ८:४१

मालक, त्या हीटच्या वहीचे रकाने कसे पाडलेत, एक फोटो टाका की. आमच्या साहेबाला दावतो.

---

शिरोलीकर | रविवार, रात्री ८:५८

टाकतो. वही कारखान्यात आहे, आणि आत्ता इकडे लाइट गेलेत. उद्या सकाळी.